पट्टी उलटी होती, नाना

नाना, वाचनालयाच्या अंकासाठी तुमच्यावर लेख लिहून द्या, असं चिटणीस मला सांगून गेले. जाताना टेबलावर एक चिठ्ठी ठेवून गेले. तुमचा जन्म कुठला, सनद कधी मिळाली, वाचनालयाला पुस्तकं किती दिली, फितींचा संग्रह जिल्ह्यात एकमेव कसा, असे मुद्दे तिच्यावर होते. ती चिठ्ठी मी त्यांना परत केली. ते सगळं त्यांच्या दप्तरात आहे, त्यांनी छापावं. मला तुमच्याशी बोलायचं आहे, आणि खरं सांगायचं तर भांडायचं आहे. तुम्ही होतात तेव्हा हे भांडण मी दोनदा सुरू केलं आणि दोन्ही वेळा तुमच्या पहिल्या वाक्यालाच गप्प झालो. तुमचा तेरावा होऊन आज नऊ दिवस झाले. आता मध्ये बोलणारं कोणी नाही.

राग घेऊन बसलो तरी आधी तुमचे हातच आठवतात, याचाही मला राग येतो.

वाचणाऱ्यांपैकी सगळ्यांना तुमचा नाद माहीत नसेल, म्हणून थोडं सांगतो. सैनिकाला पदक मिळतं ते पेटीत राहतं. रोजच्या गणवेशावर त्या पदकाच्या फितीचा बोटभर तुकडा लावतात. असे तुकडे ओळीने शिवले की छातीवरची पट्टी होते. महायुद्ध संपलं आणि अशा पट्ट्या वऱ्हाडात गल्लोगल्ली दिसू लागल्या. काही पलटणीतून परतलेल्या माणसांच्या होत्या. काही त्या माणसांच्या कोटांबरोबर बोहारणीच्या गाठोड्यात गेलेल्या. आणि पुष्कळशा शिंप्यांनी बाजारच्या रंगीत फितीतून आठ-आठ आण्यांत बनवलेल्या, कारण कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या फाटकावर पहारेकऱ्याची नोकरी मागायला आलेल्या माणसाच्या छातीवर पट्टी असली की शेटजी दोन प्रश्न कमी विचारत. युद्धाच्या दिवसांत तुम्ही लष्कराच्या कपड्यांच्या कोठारात कारकून होतात. फितींची रिळंच्या रिळं तुमच्या हाताखालून गेली होती. वकिली नंतर आली, पण नजर कोठारातलीच राहिली.

मी तुमच्याकडे पहिल्यांदा आलो तो एक पुस्तक परत करायला. शाळेत मराठी शिकवायला लागून मला जेमतेम वर्ष झालं होतं. पुस्तक ठेवून मी निघणार तर तुम्ही माझ्या तळहातावर एक पट्टी ठेवली आणि कशी वाटते म्हणून विचारलं. मी म्हणालो, रंग छान आहेत.

“मास्तर, रंग काहून पाहून राहिले? रंग होळीतही असतात. पाठ पाहा.”

त्या दिवशी तासभर तुम्ही मला उभं ठेवून शिकवलंत. अस्सल फितीत पट्टे विणलेले असतात, म्हणून पाठीलाही तेच रंग दिसतात, उलट ऊन न लागल्यामुळे जास्त ताजे दिसतात. छापलेल्या फितीची पाठ मेलेली असते. पितळी पिनेचा हिरवट डाग कापडात उतरलेला असला तर पट्टी घामाच्या अंगावर राहिलेली आहे. शेवटी थुंकीने अंगठा ओला करून फितीवर घासायचा. रंग अंगठ्यावर आला की विषय संपला. आणि हे सगळं करताना पट्टी हातात घ्यायची, बोटांवरून फिरवायची, उजेडाकडे आणि उजेडाकडून. टेबलावर ठेवून पाहायला ती काही जमिनीचा नकाशा नाही, असं तुम्ही म्हणालात.

मला तुम्ही पट्ट्यांपुरतं शिकवलं नाहीत. कुठलीही वस्तू समोर आली की तिची दुसरी बाजू पाहायची, हे मी तुमच्याकडून घेतलं. वर्गात मुलांचे निबंध तपासतानाही ते मला उपयोगी पडलं. घरात बोलायला माणूस नसलेल्या माझ्यासारख्याने तुमची रविवारची ओसरी, काकूंचा चहा आणि मोर्शीहून तुमच्या अशिलांनी आणून टाकलेल्या संत्र्यांच्या टोपल्या, यांवर दहा-बारा वर्षं काढली. अंजनगावच्या बाजारातला तो माणूस तुम्हाला आठवत असेल. पट्टी आपल्या सख्ख्या काकाची, काका ब्रह्मदेशात तीन वर्षं लढला, असं तो शपथेवर सांगत होता. तुम्ही अंगठा घासलात. अंगठा लालभडक झाला. तो त्याच्यासमोर धरून तुम्ही म्हणालात, “तुमचा काका ब्रह्मदेशात एकदाही भिजला नाही वाटतं.” तो माणूस स्वतःच हसायला लागला आणि आपल्याला चहा पाजूनच त्याने सोडलं.

असे होतात तुम्ही. म्हणून पुढचं मला सोसवत नाही.

चीनचं युद्ध संपल्यानंतरच्या हिवाळ्यात वाचनालयाच्या सभागृहात प्रदर्शन भरलं. अमरावती जिल्ह्यातल्या आणि शेजारच्या अकोल्याकडच्या सैनिकांच्या वस्तू मांडायच्या, आणि ज्यांची सेवा खरी ठरेल त्यांची नावं सागवानी फलकावर रंगवून तो सभागृहात कायमचा लावायचा, असं ठरलं होतं. ज्यांच्याजवळ कागदपत्रं होती त्यांचा प्रश्न नव्हता. ज्यांच्याजवळ नुसती पट्टी होती त्यांचा निवाडा तुमच्याकडे आला. तुम्ही सांगायचं आणि मी चिठ्ठी लिहायची, कारण माझं अक्षर बरं. ‘अस्सल’ किंवा ‘बनावट’. बनावट पट्ट्यांसाठी एक वेगळी काचपेटी केली होती, लोकांना फरक कळावा म्हणून. ती कल्पना तुमचीच.

गावातल्या एका बड्या घरातून एका कप्तानांची पट्टी आली होती. तिच्यात दुसरी आणि तिसरी फीत एकमेकींच्या जागी गेली होती. मला ते दिसलं, मी तुम्हाला दाखवलं. तुम्ही म्हणालात, शिंप्याने चुकवलं असेल, बिचाऱ्या कप्तानाला कोट घालताना कुठे दिसतं. मी ‘अस्सल’ लिहिलं. त्यात काही चूक नव्हती. पट्टी अस्सलच होती.

त्याच दुपारी शांता आली. अमरावतीलाच शिक्षिकेचं प्रशिक्षण घेत होती, वसतिगृहात राहत होती. पांढऱ्या मांजरपाटाचा रुमालाएवढा चौकोन तिने घडी उलगडून टेबलावर ठेवला. वर चार फितींची पट्टी शिवलेली, खाली लाल दोऱ्याने नाव भरलेलं: शिपाई सीताराम गोविंदा. तिने सगळं नीट, ओळीने सांगितलं. वडील बाळापूरकडच्या गावचे, ब्रह्मदेशच्या आघाडीवर होते, परत येऊन आजारातच गेले. आई अकोल्याला जिनिंगमध्ये कामाला आहे. गणवेशाचा कोट कसरीने खाल्ला तेव्हा आईने त्यावरची पट्टी पिनेतून सोडवून या कापडावर शिवली. नाव शांताने पेन्सिलीने काढून दिलं, भरलं आईने. पदकांचं तुम्ही विचारलंत. ती कधी आलीच नाहीत म्हणाली, आणि तेव्हा पुष्कळांची आली नव्हती हे तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक होतं. पलटणीतल्या नोकरीचं पुस्तक काकाच्या घरी होतं, ते घर जळालं त्यात गेलं. मग तुम्ही विचारलंत, गावात घर कुठे? तिने सांगितलं. आम्ही आता बौद्ध आहोत, असंही तिने न विचारता सांगितलं, मान वर करून. तुम्ही नुसतं “हं” म्हणालात.

आणि पट्टी तुम्ही हातात घेतली नाहीत.

नाना, हे वाक्य लिहायला मला दोन वर्षं लागली. तुमचे दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर होते. कड उचलून पाठ पाहिली नाहीत. अंगठा घासला नाहीत. उजेडाकडे नेली नाहीत. कप्तानांची पट्टी तुम्ही पाच मिनिटं बोटांवर खेळवली होती. हिची तुम्ही टेबलावर, जशी तिने ठेवली तशी, मान जरा पुढे करून पाहिलीत. नकाशा पाहावा तशी. तुम्ही चहा सगळ्यांबरोबर पीत होता, भाषणांत समतेवर बोलत होता, शांतालाही बस म्हणाला होता. तुम्ही ते मुद्दाम केलंत असं मी म्हणत नाही. मुद्दाम केलं असतं तर मला सोपं गेलं असतं. तुमच्या हातांनी ते तुम्हाला न विचारताच केलं, असं मला वाटतं, आणि एवढ्या शिकलेल्या हातांनी ते करावं याची मला चीड येते.

तुम्हाला जे दिसलं ते असं. चारही फितींचा क्रम उलटा. जी पहिली हवी ती शेवटी, शेवटची ती पहिली. आणि महायुद्धाच्या ‘तारा’ या पदकाच्या फितीत गडद निळा, लाल, फिकट निळा असे पट्टे डावीकडून यायचे, ते उजवीकडून आलेले. तुम्ही शांताच्या देखतच मला सांगितलंत की शिपाई एक वेळ स्वतःचं नाव विसरेल, पण छातीवरचा क्रम विसरणार नाही. ज्याला क्रम माहीत नाही अशा कोणीतरी बाजारातून घेऊन शिवलेली ही पट्टी आहे. लिहा, बनावट.

मी तुमच्यासमोर बसलो होतो, टेबलाच्या पलीकडे. माझ्या बाजूने ते नाव उलटं दिसत होतं आणि पट्टी सरळ. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी, अगदी तुम्ही पाठ करून घेतली होती तशी. गडद निळा डावीकडे. पिन काढलेल्या पट्टीला वरची बाजू कुठली आणि खालची कुठली हे त्या बाईला कसं कळणार? तिने ती शिवताना खालची बाजू वर केली, एवढंच झालं होतं. नुसती अर्ध्या फेऱ्यात फिरवली असती तर कळलं असतं. तुमच्या हातात असती तर आपोआप फिरली असती. मला काहीतरी जाणवलं. माझी लेखणी थांबली. तुम्ही म्हणालात, “मास्तर, लिहा की.” आणि मी लिहिलं.

रविवारी तुमचं व्याख्यान झालं. सभागृह भरलेलं होतं. खोटी पट्टी कशी ओळखावी हे सांगताना तुम्ही उदाहरणाला शांताचाच चौकोन घेतलात, काचपेटीसकट वर धरायला लावलात. नाव सगळ्यांना वाचता येत होतं. शांता मागच्या रांगेतून उठली आणि म्हणाली, “ती माझ्या बापाची आहे.” शब्द स्वच्छ होते. तुम्ही चष्मा काढलात, आणि ज्या सुरात तुम्ही कोर्टात साक्षीदाराला गुंडाळत असाल त्या सुरात म्हणालात, “बाई, बाप खरा असेल. पट्टी खोटी आहे.”

सभागृह हसलं. खूप वेळ हसलं. मी हसलो नाही, पण ते सांगून मला काही सूट मिळावी असं वाटत नाही. मी पहिल्या रांगेत बसलेलो होतो आणि बसलेलाच राहिलो.

त्यानंतर वसतिगृहात तिला काय काय ऐकावं लागलं ते मला पुढे कळलं. ‘आठ आण्याच्या शिपायाची पोरगी’ हे त्यातल्या त्यात सौम्य.

दोन दिवसांनी काचपेट्या रिकाम्या करताना मी तो चौकोन हातात घेतला, फिरवला, आणि सरळ तुमच्या ओसरीवर आलो. तुमच्यासमोर उलटा ठेवला. तुम्ही पाहिलंत. तुम्हाला एका क्षणात कळलं. तुमचा चेहरा मी इतकी वर्षं वाचत होतो, मला फसवणं शक्य नव्हतं. मग तुम्ही पेन्सिलीच्या टोकाने तो चौकोन पुन्हा नाव सरळ येईल असा फिरवलात आणि म्हणालात, “नाव सरळ आणि पट्टी उलटी, ही कुठली पद्धत?” मी काही बोलणार तर तुम्ही “पाहू” म्हणालात आणि चौकोन खणात ठेवून दिलात. अभ्यासासाठी.

दुसऱ्यांदा आलो तो फलक रंगवायला घेतला तेव्हा. चिटणीस म्हणाले होते, नानांनी दोन ओळी लिहून द्याव्यात, लगेच नाव घालतो, जागा ठेवली आहे. दोन ओळी. तुम्ही रोज कज्ज्यांचे ताव भरून लिहीत होता. मी आलो, बसलो, बोललो. तुम्ही सुपारी कातरत होता. “निकाल लागला, मास्तर. आता तिनं अपील करावं. मले कोणी अर्ज दिला का?” एकवीस वर्षांच्या पोरीने, जिला तुम्ही भरली सभा हसवून खाली बसवलं होतं, तिने तुमच्या ओसरीवर अर्ज घेऊन यावं अशी तुमची अपेक्षा होती. मी चहा पिऊन उठलो. फलक लागला. त्यावर कप्तान आहेत.

तुमचा दमा वाढला तेव्हा रोज संध्याकाळी मी पेपर वाचून दाखवायला यायचो. एकदा, मी बाजारभावांचा रकाना वाचत होतो, तुम्ही मध्येच विचारलंत की ती पोरगी कुठे असते आता. मी म्हणालो, अकोल्याला, आईजवळ, शाळेत शिकवते. तुम्ही म्हणालात, “बरं झालं.” आणि भिंतीकडे वळलात. मी पुढचे भाव वाचले. नाना, काय बरं झालं? कोणाचं? त्या दोन शब्दांसाठी मी तुम्हाला अजून माफ केलेलं नाही. बोलायला तुम्हाला त्रास होत होता हे खरं, पण लिहायला होत नव्हता. मरणाच्या आधी चार दिवस तुम्ही दूधवाल्याला चिठ्ठी लिहून कळवलंत की दूध पातळ आहे.

तेराव्यानंतर काकूंनी मला बोलावून खण उघडून दिला. चौकोन वरच होता, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. उलगडला तर पट्टी सरळ.

आधी मला वाटलं, माझीच काही चूक होते आहे. मग उजेडाकडे नेला. पट्टीभोवतीचे लाल दोऱ्याचे जुने टाके नव्हते. त्यांच्या जागी कापडात भोकांची ओळ होती. पट्टी उसवून, योग्य बाजू वर करून, पांढऱ्या दोऱ्याने पुन्हा शिवली होती. टाके मोठे, वाकडे, पण क्रम बरोबर, नाव बरोबर. काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, “माझी सुई मागून घेतली होती एकदा दुपारी. मी म्हटलं, बटण लावायचं तर मी लावून देते. तर खेकसले माझ्यावर.”

म्हणजे शेवटी तुम्ही ती हातात घेतलीत. तासभर तरी घेतली असणार, तुमच्या थरथरत्या बोटांनी आणि त्या चष्म्याने. पाठ पाहिली असणार. पाठीचे ताजे रंग तुम्हाला दिसले असणार. पिनेचा हिरवा डागही आहे तिथे, लांब टाक्यांमधून कड उचलून मी पाहिला. हे सगळं पाहून तुम्ही काय केलंत, तर चूक दुरुस्त केलीत, गुपचूप, आणि खण लावून घेतलात. काकूंच्या माजघरात उभा राहून मला रडू आलं आणि त्याच वेळी तो चौकोन भिंतीवर भिरकावावा असंही वाटलं. तुम्हाला पश्चात्ताप झाला होता की पुरावा नाहीसा करायचा होता? मला सांगता येत नाही. तुमच्याबद्दल मला जे जे माहीत आहे त्यावरून दोन्ही होऊ शकतं.

परिणाम मात्र एकच झाला. मी तो चौकोन चिटणिसांकडे नेला. ते म्हणाले, पट्टी सरळ आहे, कबूल. पण नानांनी पाहिली ती उलटी होती. ही तीच कशावरून? कोणी मागाहून दुसरी आणून शिवली नसेल कशावरून? नाना लिहून गेले असते तर गोष्ट वेगळी. आता त्यांच्या माघारी त्यांचा निर्णय फिरवणं बरं दिसत नाही. नाना, तुमच्या पांढऱ्या टाक्यांनी त्या पट्टीला पहिल्यांदाच खरोखर संशयास्पद केलं.

तेव्हा मी जे केलं ते इथे लिहितो, म्हणजे राग फक्त तुमच्याच वाट्याला यायला नको. तुमचं अक्षर मला येतं. तुमचे मसुदे मी इतकी वर्षं नकलून काढले. तुमचा ‘र’, सहीखालची ती दोनदा ओढलेली रेघ, सगळं. काकूंनी तुमचे छापील नावाचे कोरे कागद मला रद्दी म्हणून दिले होते. त्यातल्या एकावर मी त्या दोन ओळी लिहिल्या. सीताराम गोविंदा यांची पट्टी मी पुन्हा तपासली असून ती अस्सल आहे, आधीचा निर्णय चुकीचा होता. तारीख तुमच्या आजारपणातली घातली. इतकी चांगली साधली की मीच दचकलो. चिटणिसांना ती दिली असती तर त्यांनी डोळ्याला लावून घेतली असती. पण आधी ती शांताला दाखवावी असं वाटलं. बडनेऱ्याहून गाडी धरली आणि अकोल्याला गेलो.

जिनिंगच्या मागच्या चाळीत त्यांची खोली आहे. दाराच्या कडीवर, मातीच्या माठावर, सगळीकडे कापसाचा तूस बसलेला. शांताने मला ओळखलं. बसा म्हणाली, हसली नाही. मी चौकोन तिच्या आईच्या हातात दिला. आईने तो चेहऱ्याजवळ नेला आणि अंगठा टाक्यांवरून फिरवला.

“हे टाके माह्ये नाहीत, गुर्जी. कोनं शिवलं?”

मी तुमचं नाव सांगितलं. तिला ते खरं वाटेना. “वकिलानं? त्याच्या हातानं?” मग पुन्हा पाहून म्हणाली, “दोरा बाकी चांगला वापरला. पर टाके लय लांब लांब घातले, बाप्पा. घाईत होता का?”

मी शांताला तो कागद दिला. तिने उभ्यानेच वाचला. मग दारात उजेडाला जाऊन पुन्हा वाचला. मी मनात म्हटलं, आता तिला बरं वाटेल. ती आत आली आणि तिने विचारलं, हे त्यांनी केव्हा लिहिलं. मी तारखेकडे बोट दाखवलं.

“तेव्हा ते फार आजारी होते ना? दम्यानं बसवतही नव्हतं, असं ऐकलं होतं.” ती शिक्षिकेसारखी शांतपणे बोलत होती. “माझ्या वर्गातल्या पोरांना ताप असला तरी मला वहीवरून कळतं. यात एकही अक्षर हललेलं नाही. सर, हे बनावट आहे.”

तो शब्द मीच तिच्या बापाच्या नावाखाली माझ्या अक्षरात लिहिला होता. नाना, तुम्ही मला जे दहा वर्षं शिकवलं ते त्या पोरीला कोणी शिकवलं नव्हतं.

मी तिला समजावायला गेलो. म्हणालो, या कागदाने नाव नक्की लागेल, दुसऱ्या कशाने लागेल की नाही मला सांगता येत नाही. तेव्हा मात्र तिची शाळेतली भाषा सुटली.

“मग न लागो. मले त्यायचा खोटा कागद नको. तुमचा खरा द्या.”

तिने वहीतला एक कोरा कागद फाडून माझ्यासमोर ठेवला. मी लिहिलं, माझ्या अल्प माहितीप्रमाणे सदर पट्टी अस्सल असण्याचा बराच संभव आहे. ती माझ्या खांद्यावरून वाचत होती. तिने हात पुढे करून तो कागद ओढून घेतला.

“संभव काहून? तुमी समोरच बसले होते ना त्या दिवशी? मी पायलं तुमाले. पट्टीकडे पाहून तुमी थांबले होते. मले वाटलं, हा मानूस आता बोलते.”

मला वाटत होतं, ते कोणाला दिसलं नसेल.

तिने दुसरा कागद दिला. त्यावर मी लिहिलं की सीताराम गोविंदा यांची पट्टी अस्सल आहे, ती कापडावर उलटी शिवली गेली होती, प्रदर्शनाच्या दिवशी टेबलाच्या माझ्या बाजूने ती मला सरळ दिसली होती, आणि मी बोललो नाही. ‘बनावट’ ही चिठ्ठी माझ्या हातची असून ती मी मागे घेतो. दोन दिवसांनी नानांनाही चूक कळली होती, पट्टी त्यांनीच सरळ करून शिवली, जुन्या टाक्यांची भोकं कापडावर कोणालाही पाहता येतील, हेही लिहिलं. खाली माझं पूर्ण नाव घालून सही केली. तुमच्या नावाचा तो खोटा कागद शांताने चुलीत घातला. हा खरा कागद आणि हा लेख मी एकत्रच चिटणिसांना देतो आहे. छापायचे तर दोन्ही छापावेत.

शांताने मी लिहिलेलं आईला वाचून दाखवलं. हळू, एकेक शब्द. आई पट्टीवरचा तूस नखाने काढत ऐकत होती. संपल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे, नुसतं विचारावं तसं विचारलं.

“एवढंच होतं, तर दोन सालं काहून लागले?”

मी म्हणालो, मी भित्रा माणूस आहे, बाई. तिने मान हलवली, जणू हे तिला ठाऊकच होतं. तुम्ही का बोलला नाहीत हे तिने विचारलं नाही, नाना, आणि मी आपण होऊन काही सांगितलं नाही. ते सांगायचं काम तुमचं होतं.